हद्दीबाहेरची वॉरंटी

आत्याच्या लोखंडी ट्रंकेत सातबारा आणि पीककर्जाच्या कागदांखाली टीव्हीचं वॉरंटी कार्ड ठेवलेलं आहे. चार घड्यांचा कागद, इंग्रजी आणि हिंदी मजकूर, मोहरीएवढी अक्षरं. घेतल्यापासून आठ-नऊ महिने ते कुणी उघडलं नव्हतं. पडद्यावर उभी रेष उमटली तेव्हा मी ते दारात उजेडाला धरून वाचलं आणि खालच्या एका कलमावर थांबलो. त्याचा मतलब असा होता की सेवा केंद्र ज्या शहरात आहे त्याच्या महापालिका हद्दीबाहेर वस्तू असेल, तर कारागिराच्या येण्या-जाण्याचा आणि वस्तू ने-आण करण्याचा खर्च ग्राहकाने सोसायचा. आमच्या घरच्या फ्रीजचं, वॉशिंग मशीनचं कार्ड काढून पाहिलं. शब्द थोडे इकडचे तिकडे, कलम तेच. वेगवेगळ्या कंपन्यांच्या कार्डांवर हे कलम वर्षानुवर्षं छापलं जात आहे आणि दुकानात पैसे मोजताना ते कुणी वाचून दाखवत नाही.

आत्याचं गाव बोधडीच्या बाजूला, किनवट तालुक्यात. किनवटला महापालिका नाही, नगर परिषद आहे. जवळची महापालिका नांदेड-वाघाळ्याची, रस्त्याने जवळपास दीडशे किलोमीटरवर. पैनगंगेच्या काठी, सागाच्या जंगलात वसलेला हा तालुका जिल्ह्याच्या पार टोकाला पडतो. १९५६ मध्ये राज्य पुनर्रचना होईपर्यंत तो आदिलाबाद जिल्ह्यातच होता आणि बाजारहाटासाठी आजही आदिलाबाद अनेकांना नांदेडपेक्षा सोयीचं वाटतं. पन्नास-साठ किलोमीटरचा तर प्रश्न. मुदखेड–आदिलाबाद रेल्वेमार्गावरचं आमचं स्टेशन गोकुंद्याला. नांदेडला जाऊन यायचं म्हणजे एक अख्खा दिवस आणि त्या दिवसाची मजुरी. वॉरंटीची मुदत कार्डावर महिन्यांत लिहिलेली असते, पण किनवटच्या माणसाला ती किलोमीटरमध्ये आणि बुडालेल्या रोजात मोजावी लागते. बिघडलेल्या वस्तूच्या वॉरंटीबद्दल पुण्या-मुंबईत जे लिहिलं जातं त्यात हेल्पलाइनवरचं संगीत, उद्धट उत्तरं, टोलवाटोलवी यांचा पाढा असतो. तो खराच आहे. आमच्याकडे त्याआधी अंतराचा प्रश्न येतो, म्हणून या लेखात मी सगळा विषय त्या बाजूने पाहणार आहे.

टीव्ही त्रेचाळीस इंची, दिवाळीत कापसाचा पहिला पैसा आल्यावर किनवटच्या दुकानातून घेतलेला. आषाढात एका संध्याकाळी पडद्याच्या डाव्या बाजूला हिरवी उभी रेष आली, आठवड्याभरात तिच्या दोन झाल्या. दुकानदाराने हेल्पलाइनचा नंबर लिहून दिला. "आमच्या हातात काही नाही ताई, कंपनीला कळवा." तक्रार नोंदवली आणि अठ्ठेचाळीस तासांत माणूस येईल असा संदेश आला. माणूस आला नाही, तक्रार बंद झाल्याचा संदेश आला. कारण: ग्राहक फोन उचलत नाही. आत्याच्या घरात मोबाइलला रेंज मिळते ती मागच्या चिंचेखाली; दुपारी दोन वाजता ती चिंचेखाली नव्हती, शेतात होती. दुसऱ्यांदा नोंदवली, दुसऱ्यांदा बंद. तिसऱ्या वेळी मी माझा नंबर दिला. तेव्हा कळलं की नांदेडच्या केंद्राचा कारागीर किनवट भागात आठवड्यातून एकदाच येतो आणि चार-पाच तक्रारी जमल्याशिवाय निघत नाही.

शेवटी एका गुरुवारी तो आला. तरणा, घामेजलेला, वागायला चांगला पोरगा. त्याने पडद्याचा फोटो काढला, मागच्या लेबलवरच्या सिरीयल नंबरचा फोटो काढला, प्लगमध्ये मीटर लावलं. मीटरने १९० व्होल्ट दाखवले, त्याचाही फोटो. मग म्हणाला, "मावशी, तुमच्या फोनवर एक ओटीपी आला आसंल, तेवढा सांगा."

"कशाचा ओटीपी?"

"मी येऊन गेलो त्याचा."

"आरं पण रेघ तर तशीच हाय."

"पार्ट मागवावा लागतो मावशी. हे बंद करून नवं टाकतो."

आत्याने नंबर सांगितला. पंधरा मिनिटांनी माझ्या फोनवर संदेश: आपली तक्रार समाधानकारकरीत्या सोडवण्यात आली आहे. जॉबशीटवर शेरा होता, व्होल्टेज प्रॉब्लेम.

त्या पोरावर माझा राग नाही. ज्या घडीत तो काम करतो ती समजून घेतली तर त्याचं वागणं उलगडतं. अधिकृत सेवा केंद्र म्हणजे कंपनीचं स्वतःचं दुकान, अशी आपली समजूत असते. बहुतेक ठिकाणी ते कंत्राटाने चालवलेलं वेगळंच दुकान असतं. त्याला पैसे मिळतात ते तक्रारीमागे, म्हणजे 'कॉल'मागे, आणि तेही कॉल ठरलेल्या वेळात बंद झाला तर. उशीर झाला की कपात. शहरात एक कारागीर दिवसात आठ-दहा कॉल उरकतो. किनवट-माहूरच्या फेरीत त्याचा सगळा दिवस तीन-चार कॉलमध्ये जातो आणि पेट्रोल वेगळं. सुटा भाग यायचा मोठ्या शहरातल्या गोदामातून. तोवर कॉल उघडा ठेवला तर केंद्राचे आकडे बिघडतात, म्हणून तो बंद करून नवा टाकायचा. ग्राहकाच्या हातात राहावी म्हणून ओटीपीची चावी निघाली होती: तुम्ही समाधानी असाल तरच नंबर द्या. पण तो नंबर काम होण्याआधीच मागितला जातो आणि दाराशी आलेल्या माणसाला नाही म्हणणं आमच्याकडे कुणाला जमत नाही. एकदा नंबर दिला की कंपनीच्या संगणकात आत्या ही समाधानी ग्राहक ठरते. पुढे वरिष्ठांकडे जा, ग्राहक आयोगात जा, तो नंबर तुमच्या विरोधात कागदावर उभा असतो. काम झाल्याशिवाय ओटीपी द्यायचा नाही, हे मी आता भेटेल त्याला सांगतो.

आता तो व्होल्टेजचा शेरा. वॉरंटी नाकारण्याच्या कारणांमध्ये मराठवाड्यात सर्वांत जास्त चालणारं कारण हेच, म्हणून जरा तपशिलात जातो. दाब कमी-जास्त होतो हे खरं आहे. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या मानकाप्रमाणे कमी दाबाच्या जोडणीवर ठरलेल्या व्होल्टेजपासून चढ-उतार ६ टक्क्यांच्या आत असायला हवा; आमच्याकडे कृषिपंप सुरू झाले की दिवे पिवळे पडतात. पण आत्याच्या टीव्हीच्या मागे कंपनीनेच चिकटवलेल्या लेबलवर लिहिलं होतं: १०० ते २४० व्होल्ट. आजकालच्या बहुतेक एलईडी टीव्हींवर असंच असतं, कारण आतला वीजपुरवठ्याचा भाग एवढा मोठा पल्ला पेलायचा म्हणूनच घडवलेला असतो. १९० हा आकडा त्या पल्ल्याच्या आतच येतो. शिवाय उभी रेष सहसा कमी दाबाने येत नाही. पडद्याच्या काचेच्या कडेला कागदासारख्या पातळ, लवचीक पट्ट्या उष्णतेने आणि दाबाने चिकटवलेल्या असतात. त्यांतूनच काचेवरच्या रांगांना संकेत जातात. तो सांधा सुटला किंवा पट्टीवरची चिप गेली की तेवढ्या रांगा अडकून पडतात आणि रेष दिसते. किनवटच्या जुन्या मेकॅनिककाकांनी मागचं झाकणही न उघडता, नुसती रेष बघून हे सांगितलं. "झाकण मी खोलत न्हाई," तेच म्हणाले, "माझा हात लागला की ते म्हंतील बाहेर खोललंय."

त्यांचं म्हणणं अनुभवातून आलेलं होतं. बाहेर उघडलं की वॉरंटी गेली, हे वाक्य आपण एवढ्या वेळा ऐकलं आहे की तो कायदाच आहे असं वाटू लागलं आहे. अमेरिकेत १९७५ पासून वॉरंटीसाठी स्वतंत्र कायदा आहे, मॅग्नुसन-मॉस नावाचा. २०१८ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने सहा कंपन्यांना लेखी ताकीद दिली होती की ठरावीक भाग किंवा ठरावीक सेवा केंद्रच वापरलं पाहिजे, नाहीतर वॉरंटी रद्द, अशी अट कायद्याला धरून नाही. आपल्याकडे असं नेमकं बंधन नाही. परिणामी ज्याला बिघाड दहा मिनिटांत कळतो तो माणूस चार दुकानं सोडून बसलेला आहे आणि त्याच्याकडे जायची सोय नाही. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसा कारभार दूरच्या शहरातल्या हेल्पलाइनवरून चालतो.

मोबाइलमध्ये दाबाची जागा पाणी घेतं. फोनच्या आत, सिमच्या खाचेत किंवा पाठीच्या झाकणाखाली एक पांढरी टिकली असते. ओल लागली की ती लाल-गुलाबी होते. टिकली लाल दिसली की 'लिक्विड डॅमेज' आणि विषय संपला. नेमका जो बिघाड झाला तो त्या ओलीमुळेच का, हे कुणी तपासत नाही. टिकली ही खूण आहे, पुरावा नव्हे. पण समोरच्या काउंटरवर ते म्हणायचं कुणी आणि इंग्रजी जॉबशीटवर सही करण्याआधी ती वाचायची कुणी?

बिलाचा घोळ आपला आपणही घालून ठेवतो. पक्कं बिल घेतलं तर जीएसटी लागेल, कच्च्यावर दीड हजार कमी, हा सौदा आमच्या बाजारात उघडपणे चालतो. मग वॉरंटीची तारीख सिद्ध करायला हातात चिठ्ठी असते. पक्कं बिल घेणाऱ्याचीही एक वेगळीच अडचण आहे: हल्ली बिलं औष्णिक कागदावर छापतात आणि त्यावरची अक्षरं वर्षभरात उडतात. दोन वर्षांची वॉरंटी आणि आठ महिन्यांत कोरं झालेलं बिल, अशी जोडी मी पाहिली आहे. घेतल्या दिवशी झेरॉक्स नाहीतर मोबाइलवर फोटो, एवढं तरी करावं. बिल न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या पाटीमागे दडून सदोष माल परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवस धरायचे, असं कायद्यात स्पष्ट आहे.

पण वॉरंटी मान्य झाली तरी पदरात किती पडतं हा वेगळाच हिशेब आहे आणि तो इन्व्हर्टरच्या बॅटरीवर सगळ्यांत नीट दिसतो. भारनियमनाच्या वर्षांत आमच्याकडे घरोघरी बॅटऱ्या आल्या. कार्डावर ठळक अक्षरांत ६० महिने. खाली बारीक अक्षरांत फोड: पहिले ३६ महिने बदलून मिळेल, पुढचे २४ महिने 'प्रो-राटा', म्हणजे नवी बॅटरी ठरावीक सवलतीत. ही सवलत छापील कमाल किमतीवर असते आणि बाजारात कमाल किमतीला बॅटरी कुणीच विकत घेत नाही. समजा छापील किंमत १८,००० आणि दुकानातला चालू भाव १४,०००. चाळिसाव्या महिन्यात बॅटरी बसली आणि सवलत २५ टक्के निघाली, तर १८,००० मधून ४,५०० वजा होऊन १३,५०० भरायचे. वाचले पाचशे. त्यात जुनी बॅटरी जमा करावी लागते, जी भंगारात दिली असती तर त्याहून जास्त पैसे आले असते. म्हणजे वॉरंटी वापरणारा माणूस न वापरणाऱ्यापेक्षा तोट्यात जातो. फ्रीजच्या कॉम्प्रेसरवरची दहा वर्षं अशीच. भाग फुकट, गॅस, मजुरी, ने-आण वेगळी. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

यात आणखी एक गोष्ट मला फार खटकते. वॉरंटी ही कंपनीने मेहेरबानी म्हणून दिलेली नसते. किती माल परत येईल, त्यावर किती खर्च होईल याचा अंदाज काढून कंपन्या ताळेबंदात त्याची तरतूद करून ठेवतात आणि तो खर्च किमतीत धरलेला असतो. आत्याने टीव्हीसाठी नांदेडच्या गिऱ्हाइकाएवढेच पैसे मोजले. किनवटच्या दुकानात माल पोचवायला कंपनीच्या ट्रकला रस्ता सापडला. तोच रस्ता दुरुस्तीच्या वेळी हद्दीबाहेर जातो, आणि पैसे भरून घेतलेल्या वॉरंटीचा एक हिस्सा कंपनीकडेच राहतो. ज्याच्या घरी गाडी आहे तो टीव्ही मागच्या सीटवर टाकून नांदेड गाठतो. आत्याने तो वाकळेत गुंडाळून, सुतळीने बांधून एसटीत नेला, कारण मूळ खोका दिवाळीतच चुलीपुढे गेला होता. मूळ खोक्याशिवाय आणला, आता काच तडकली असेल तर आमची जबाबदारी नाही, असं केंद्रावर तिला आधीच ऐकवण्यात आलं.

कायद्याच्या बाजूला महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. देशाचा ग्राहक संरक्षण कायदा आला तो १९८६ मध्ये. २४ डिसेंबर हा ग्राहक दिन त्याचाच. त्या कायद्याने जिल्ह्या-जिल्ह्यात मंच आणले. पण तक्रार करायची ती विरुद्ध पक्ष जिथे आहे किंवा व्यवहार जिथे घडला तिथे. कार्डांच्या तळाशी तर 'सर्व वाद अमुक शहराच्या न्यायकक्षेत' असं छापलेलंच असायचं; अजूनही असतं. २०१९ चा नवा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याने ही गाठ सोडवली. तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगात आता तक्रार करता येते. किनवटच्या माणसाने आदिलाबादेतून मोबाइल घेतला किंवा बंगळुरूच्या विक्रेत्याकडून ऑनलाइन मागवला, तरी तो नांदेडच्या जिल्हा आयोगात दाद मागू शकतो. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लागतोच असं नाही. अर्ज ऑनलाइन भरता येतो. आधी ई-दाखिल होतं, २०२५ च्या सुरुवातीपासून ई-जागृती. योग्य कारण दाखवलं तर व्हिडिओवर सुनावणी मागता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हायला हवी, एवढं लक्षात ठेवायचं.

हा बदल मी लहान मानत नाही. न्यायालयाने आमच्या दिशेने दीडशे काय, हजार किलोमीटरचा प्रवास केला. कारखान्याचा हात मात्र जिथे होता तिथेच राहिला. कायद्याने वादाचं अंतर कमी केलं, दुरुस्तीचं केलं नाही. आणि मधल्या ज्या चाळण्या आहेत त्यांतून साधा माणूस गळतोच. दोष आहे हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर. वाद तांत्रिक असेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, पण त्याची फी आधी तक्रारदाराने जमा करायची. चाचणी नको असेल तर तीन महिन्यांत, हवी असेल तर पाच महिन्यांत निकालाचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. तारखा त्यापुढे किती जातात हे आयोगाच्या पायऱ्या चढलेल्यांना विचारावं. वीस हजारांच्या टीव्हीसाठी किती खेटे परवडतात, याचं गणित कंपनीचा माणूसही मांडून बसलेला असतो.

न्यायालयांनी काही सीमाही आखल्या आहेत आणि त्या माहीत असलेल्या बऱ्या. मारुती उद्योगाच्या २००६ मधल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वॉरंटीचा अर्थ सदोष भाग दुरुस्त करणं किंवा बदलून देणं एवढाच लावला. संपूर्ण नवी गाडी देण्याचा आदेश टिकला नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये गोव्यातून गेलेल्या टाटा मोटर्सच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटलं की विक्रेत्याने केलेल्या फसवणुकीची उत्पादकाला माहिती होती हे दाखवल्याशिवाय त्याचा बोजा उत्पादकावर टाकता येणार नाही. दोन्ही खटले मोटारींचे, पण त्यांची सावली टीव्ही-फ्रीजवरही पडते. म्हणूनच तक्रारीत दुकानदार, सेवा केंद्र आणि उत्पादक, तिघांनाही पक्षकार करावं. एकाला सोडलं की बाकीचे त्याच्याकडेच बोट दाखवतात. दुसरीकडे, लखनौ विकास प्राधिकरणाच्या १९९३ च्या निकालाने मनस्तापाची आणि त्रासाची भरपाईही देता येते हे पक्कं केलं, आणि नव्या कायद्यातल्या उत्पादन दायित्वाच्या प्रकरणात वस्तू दिलेल्या स्पष्ट वॉरंटीला उतरली नाही तर तिच्यामुळे झालेल्या हानीची जबाबदारी उत्पादकावर येते, हलगर्जी झाली नाही असं त्याने दाखवलं तरी.

मग हद्दीच्या कलमाचं काय? २०१९ च्या कायद्यात 'अनुचित करार' अशी नवी कल्पना आली. ग्राहकावर अवाजवी भार, बंधन किंवा अट लादणारं, त्याला गैरसोयीत टाकणारं कलम त्यात बसतं. माझ्या मते महापालिका हद्दीचं कलम तिथे चपखल बसतं. पण अनुचित कराराविरुद्धच्या तक्रारी जिल्हा आयोगापुढे चालत नाहीत. त्या राज्य आयोगाकडे जातात आणि कलम रद्दबातल ठरवण्याचा अधिकारही त्यालाच. म्हणजे नांदेडचा जिल्हा आयोग आत्याचा पडदा बदलून देऊ शकेल, तिचा खर्चही देववेल; ते कलम पुसणं त्याच्या हातात नाही. जुलै २०२० मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं ते अशाच, हजारो लोकांना एकसारख्या भिडणाऱ्या गोष्टींसाठी. त्याने ऑक्टोबर २०२४ मध्ये ओला इलेक्ट्रिकला नोटीस दिली, कारण एका वर्षात राष्ट्रीय हेल्पलाइनवर त्या कंपनीच्या दुचाकींबद्दल १०,६४४ तक्रारी आल्या होत्या. शहरात तक्रारींचा ढीग दिसतो म्हणून दखल घेतली जाते. किनवट, माहूर, धडगाव, भामरागड इथल्या तक्रारींचा ढीग होत नाही, कारण निम्म्या लोकांनी ते कलम वाचून किंवा एसटीचं भाडं मोजून तक्रारच सोडून दिलेली असते.

युरोपात ही गोष्ट वेगळ्या टोकाने सोडवलेली आहे. १९९९ च्या निर्देशाने तिथे ग्राहकाला दोन वर्षांची कायदेशीर हमी दिली, कंपनी वेगळी वॉरंटी देवो न देवो. २०१९ च्या सुधारणेनंतर, घेतल्यापासून एका वर्षात दिसलेला दोष मुळापासूनच होता असं सर्वसाधारणपणे धरलं जातं. नव्हता हे विक्रेत्याने सिद्ध करायचं. आणि दुरुस्ती 'मोफत' म्हणजे काय हेही त्यांनी लिहून ठेवलं आहे: टपाल, वाहतूक, मजुरी, साहित्य यांचा आवश्यक खर्च नाही, तीच मोफत. वाजवी वेळेत आणि ग्राहकाला मोठी गैरसोय न होता. मोफत या शब्दात वाहतूक येते, एवढं एक वाक्य आपल्या नियमांत आलं तर कार्डावरचं ते कलम छापायलाच जागा उरणार नाही.

आपल्याकडे हालचाल आहे, ती दुरुस्तीच्या हक्काच्या दिशेने. २०२२ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने त्यासाठी समिती नेमली, त्याच वर्षी ग्राहक दिनाला 'राइट टू रिपेअर' पोर्टल आलं. मे २०२५ मध्ये दुरुस्तीसुलभता निर्देशांकाचा अहवाल सादर झाला. मोबाइल आणि टॅबलेटपासून सुरुवात करून वस्तू किती सहज उघडते, सुटे भाग किती लवकर मिळतात यावर तिला गुण द्यायचे. फ्रान्समध्ये असा निर्देशांक २०२१ पासून आहे. गुण देताना सुटा भाग तालुक्याच्या गावी किती दिवसांत पोचतो हे मोजलं, तर ते आमच्या कामाचं. मेकॅनिककाकांसारख्यांना कंपन्यांनी प्रशिक्षण द्यावं, भाग विकावेत आणि त्यांच्या निदानावर वॉरंटीचं काम मान्य करावं, हे तर आजही करता येण्यासारखं आहे. त्यांच्या दुकानापासून आत्याचं गाव एका फटफटीच्या अंतरावर आहे.

सध्या हाताशी असलेलं सगळ्यांत उपयोगी साधन म्हणजे १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. मराठीसह १७ भाषांत तिथे बोलता येतं आणि हजाराहून अधिक कंपन्या तिच्याशी जोडलेल्या आहेत. तिला आदेश द्यायचा अधिकार नाही, ती फक्त कंपनीपर्यंत गोष्ट पोचवते आणि उत्तर मागते. पण त्या उत्तराची नोंद राहते आणि कंपनीच्या वेगळ्या माणसाकडे कागद जातो. ऑनलाइन घेतलेल्या वस्तूंसाठी २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याच्या आत निवारण द्यायचं असतं. त्याचं नाव संकेतस्थळावर असलंच पाहिजे, शोधून काढावं.

आत्याचं काम १९१५ मुळेच झालं. मी तक्रारीला टीव्हीच्या मागच्या लेबलचा, १०० ते २४० व्होल्टचा फोटो जोडला होता. नवव्या दिवशी कंपनीचा फोन आला, बोलणाऱ्या बाईंनी ऐकून घेतलं आणि पॅनल मंजूर झालं. पहिल्या तक्रारीपासून बदललेला पडदा घरी येईपर्यंत तीन महिने आणि अकरा दिवस गेले. त्या सगळ्या काळात वॉरंटीचे दिवस चालूच होते. नव्या पडद्यावर उरलेल्या मुदतीचीच वॉरंटी, म्हणजे दोन-तीन आठवडे. केंद्र दुरुस्तीत घालवतं ते दिवस वॉरंटीतून वगळावेत, ही मागणी मी कंपनीला लिहिली आहे. उत्तर आलेलं नाही.

राहिला ने-आणीचा खर्च. दोनदा नांदेड, एकदा टीव्ही वाकळेत बांधून आणि एकदा परत आणायला, दोन दिवसांची मजुरी, स्टँडपासून केंद्रापर्यंतचा ऑटो. आत्या म्हणाली, "पडदा आला ना, आता कशाला?" मी म्हणालो, "आत्या, त्यांनी छापलंय म्हणून तू भरलंस. ते छापणं बरोबर का, एवढं तरी विचारू." ती थोडा वेळ गप्प बसली, मग ट्रंक उघडून एका प्लास्टिकच्या पिशवीतून एसटीची तिकिटं काढून दिली. जपून ठेवली होती. चारपैकी तीन तिकिटांवरची अक्षरं पार उडून गेली आहेत. चौथ्यावर किनवट ते नांदेड एवढं वाचता येतं, रक्कम अर्धी दिसते. त्याची झेरॉक्स काढून मी अर्जाला जोडली आहे.